नाम सोडून सगळं

बुधीला व्याकरणातलं नाम येत नव्हतं. आता असं म्हणणंही खोटंच. येत होतं, चांगलं येत होतं, पण तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आणि बाई निघाली होती मास्तरीण व्हायला! मास्तरणीची जीभच अडली तर तिनं खडूनं काय कान कोरायचे?

सन चव्वेचाळीसची गोष्ट. शहापुरात तेव्हा चार भल्या लोकांनी मिळून बायकांसाठी मास्तरकीचा वर्ग काढला होता. पुढं शिकायची खोली, मागं स्वयंपाकघर आणि राहायची पडवी. सिद्धगडाच्या पायथ्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या बायका तिथं आल्या होत्या. बुधी मुरबाडची. मामा शाळामास्तर, त्यानं पोरीला सातवी पास करवली आणि मग डोळखांबाकडच्या एका पाड्यात दिली. सासू धोंडीबाई. नवरा कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर. सोन्यासारखा माणूस, पण त्याचं नाव नामा. इथंच सगळी मेख होती.

पाड्यात लोकांनी घाम गाळून शाळेच्या भिंती घातल्या होत्या. मास्तर मात्र टिकत नव्हता. यायचा, भोवतालचं रान बघायचा, आणि आठवड्यात त्याच्या पोटात दुखायला लागायचं. शेवटी धोंडीबाई गावकीत उभी राहिली आणि म्हणाली, "आमची सून शिकलेली हाय. ती व्हईल मास्तरीन. तिला नाय रान खात."

गावकी पोट धरधरून हसली. एक म्हातारा तर म्हणाला, "बाईमानूस मास्तर? उद्या म्हस भजन करील!" धोंडीबाईनं त्याला असं काही सुनावलं, की म्हातारा पुढं महिनाभर तिच्या अंगणावरून गेला नाही. सुनेला शहापुरात पोचवताना ती एवढंच म्हणाली, "पोरी, पास हो. नायतर मला गावात तोंड दाखवाया जागा नाय." बुधी पास झाली तर शाळा उघडणार होती. नापास झाली तर शाळेला कुलूप, आणि धोंडीबाईच्या नाकाचं काय व्हायचं ते सांगायला नको.

आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. गद्रे गुरुजी, म्हणजे वर्गाचे मुख्य, फळ्यावर वाक्य लिहून म्हणाले, "यातला आंबा कोण?" बुधी उत्साहात ओरडली, "नाम!" ओरडली आणि जीभ चावली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला हळद लागायच्या आधीपासून शिकवलेलं. मनाला म्हणाली, जाऊ दे, हे व्याकरणातलं आहे, ते घरातलं. पण बाजाराच्या दिवशी पाड्याचा महादू आला आणि सांगून गेला, घाटात दरड सुटली, नामाच्या पायावर धोंडा पडला, हाड मोडलं.

झालं! त्या दिवसापासून बुधीचं तोंड बंद.

बरं, एक शब्द टाळून भागलं असतं तर गोष्ट निराळी. पण हा मेला शब्द सगळीकडे घुसलेला! सर्वनामात तोच, आणि बुधीच्या बोलीत 'ण'चा 'न' होई म्हणून परिणामातही तोच. नमस्काराला गुरुजी 'प्रणाम' म्हणायला लावत, तर त्यातही शेपटीला तोच बसलेला. संत नामदेवांचा धडा आला तेव्हा बुधी 'ते पंढरीचे शिंपी, ते पंढरीचे शिंपी' म्हणत सबंध धडा वाचून गेली. वर्ग खो खो हसला. शकू नावाची एक चुरचुरीत बाई म्हणालीसुद्धा, "नाव बुधी, आणि बुद्धी मुरबाडच्या बैलगाडीत विसरली वाटतं!"

दर शनिवारी तोंडी परीक्षा असे. जिला येत नाही, तिनं पुढचा आठवडा रोज वर्ग सुटल्यावर 'कच्च्या तासाला' बसायचं. बुधीची तिथली जागा इतकी कायमची झाली, की भिंतीला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला. गुरुजी माणूस वाईट नव्हता, पण उतावीळ. आधी त्यांना वाटलं, हिवताप मुरलाय. त्यांनी तिला कोयनेल पाजलं. कडू जहर! मग त्यांना वाटलं, कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ते तिच्याशी ओरडून बोलायला लागले. स्वयंपाकीण गुणाबाईनं तर दृष्टच काढली. काही म्हणता काही लागू पडेना. शेवटी गुरुजी म्हणाले, "पंधरवड्यानं दिपोटीसाहेब सराव-पाठ बघायला येतायत. ही बाई त्यांच्यापुढं अशीच उभी राहिली तर वर्गाची अब्रू जाईल. तिला आधीच घरी धाडलेलं बरं."

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा मोठा साहेब. त्याच्या नावानं भल्या भल्या मास्तरांच्या धोतराच्या निऱ्या सुटायच्या.

"थांबा हो जरा," टिपणीसबाई म्हणाल्या. "तिच्या पाटीवर बघितलंत? सगळं बरोबर असतं. लिहिता येतं ते बोलता का येत नाही, एवढं मला बघू दे."

टिपणीसबाई वर्गावरच्या दुसऱ्या शिक्षिका. कपाळ मोकळं, पांढरं पातळ, आणि नजर अशी, की भाकरीतला केससुद्धा लांबून दिसावा. त्यांची एक रीत होती. कच्च्या बाईला त्या पुस्तक घेऊन कधीच बसवत नसत. दुपारी जेवणं झाली की सूप पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, चल गो, तांदूळ निवडू. हात कामात गुंतला की बाईमाणसाची जीभ सुटते, हे त्यांना ठाऊक होतं. खडे बाईच्या हाती लागायचे, आणि अडचण टिपणीसबाईंच्या.

बुधीही सुटली. भाताच्या जाती सांगितल्या, नाचणी कशी लावायची ते सांगितलं, सासूची गावकीतली भांडणं तर अशी रंगवली की टिपणीसबाईंच्या हातातलं सूप हललं. हळूच बाईंनी विचारलं, "आणि क्रियापद म्हणजे काय गो?"

"क्रिया दाखवनारा शब्द."

"विशेषण?"

"गुन सांगनारा."

"कुणाचा गुण सांगणारा?"

बुधीचा हात थांबला. बोटात खडा तसाच राहिला. "त्याचा," ती म्हणाली.

"त्याचा म्हणजे कुणाचा?"

"त्याचाच की हो बाई! त्या... वस्तूच्या शब्दाचा."

टिपणीसबाईंनी सूप खाली ठेवलं. डोळे बारीक केले. पंढरीचे शिंपी आठवले, सकाळचे गिळलेले प्रणाम आठवले. शेजारी भागी नावाची बुधीच्याच पाड्याकडची बाई लसूण सोलत होती. तिला त्यांनी विचारलं, "भागे, हिच्या नवऱ्याचं नाव काय गो?"

"नामा," भागी म्हणाली. तिचं काय जातंय!

टिपणीसबाई हसत सुटल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं. "अगं माझे बाई! आणि आम्ही तुला कोयनेल पाजलं!"

पण बुधी हसत नव्हती. ती रडत होती. हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यातलं ते ओरडणं, मग दरड, मग धोंडा. "पायावर पडला म्हनून वाचले, बाई. पुन्हा माझ्या तोंडातून गेलं आनि डोक्यावर पडला तर? मी नापास झाले तर झाले. सासूबाईंच्या पाया पडन. पन माझ्यापायी त्यांना काय झालं तर मी कुनाच्या पाया पडू?"

टिपणीसबाईंचं हसणं विरून गेलं. त्या तांदळात बोटं फिरवू लागल्या.

"सदाशिव," त्या म्हणाल्या.

बुधीला काही कळेना.

"माझ्या यजमानांचं नाव. आज पहिल्यांदा असं उघडं घेतलं. ते होते तोवर एकदाही असं घेतलं नाही. देवळात सदाशिवाला हात जोडतानासुद्धा मी 'देवा' म्हणायची. एवढं जपलं गो मी. तरी गेलेच." त्यांनी नाक पुसलं. "नावानं आयुष्य घटत असतं ना बुधे, तर माझे आज शंभरीला पोचायचे."

बुधीनं त्यांचा हात धरला. दोघी जणी सूप मध्ये ठेवून खूप रडल्या. मन मोकळं झालं. बाईंचं म्हणणं बुधीला पटलंही. पण जिभेला पटेना! ती 'ना' म्हणायची आणि पुढचा 'म' ओठातच मिटायचा. दोन दिवस खटपट केली, व्यर्थ. तिसऱ्या दिवशी टिपणीसबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, लग्नात नाव घेतलं होतंस ना? उखाण्यात?"

"घेतलं की. उखान्यात घ्यायलाच लागतं. न घेतलं तर दारातून आत सोडत नायत."

"मग तेव्हा धोंडा पडला का?"

"नाय," बुधी म्हणाली. आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

दिपोटीसाहेब आले. जाड भिंगांचा चष्मा, मिशा वर वळलेल्या. शहापूरच्या शाळेतली पोरं पुढं बसवलेली, मागं साहेब, साहेबांच्या बाजूला, ही बाई जरा कच्ची आहे असं आधीच सांगून घामाघूम झालेले गद्रे गुरुजी. आणि गुरुजींनी पाठ कोणता दिला होता बुधीला? नाम आणि सर्वनाम! टिपणीसबाईंनीच हट्टानं द्यायला लावला होता. जिथं काटा रुतलाय तिथूनच तो काढायचा, असं त्यांचं म्हणणं.

बुधी उभी राहिली. पोरं टकामका बघत होती. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बुधीनं पदर सारखा केला, मान थोडी खाली घातली, आणि नवरी उंबऱ्यात उभी राहून म्हणते तशी खणखणीत म्हणाली,

"डोंगर सिद्धगड, नदी काळू, गाव डोळखांब,
ज्याला त्याला हाक आहे, अगं थांब, अरे थांब!
हाकेला जो शब्द येतो वस्तू-माणसांच्या कामा,
व्याकरणात तो नाम, नि माझ्या घरी नामा!"

पोरं अशी काही किंचाळली की खिडकीतली चिमणी उडाली. सगळ्यांना तो उखाणा पुन्हा हवा होता. बुधीनं पुन्हा म्हटला, पोरांकडून म्हणवून घेतला. मग जो तो नाम सांगायला लागला. भात नाम, घाट नाम, माझी आजी नाम, गुरुजींचं टोपडं नाम! दिपोटीसाहेबांच्या मिशा हलत होत्या. ते हसू दाबत होते, पण साहेबच तो, परीक्षा घेतल्याशिवाय कसा सोडेल? त्यांनी बोट वर केलं.

"बाई, उखाणा छान. आता सर्वनाम समजावून सांगा पोरांना."

टिपणीसबाई दचकल्या. सर्वनामाचा उखाणा काही केलेला नव्हता.

बुधीनं थोडा विचार केला. मग पोरांना विचारलं, "तुमची आई तुमच्या बाला नावानं हाक मारती का रं?"

"नाय!" पोरं ओरडली.

"मग काय म्हनती?"

"'हे आले' म्हनती!" "'ते जेवले नाय' म्हनती!" "आमची आई 'अवो' म्हनती!"

"आता 'अवो' ही नुसती हाक," बुधी म्हणाली. "पन 'हे' कोन? 'ते' कोन? बाच ना? नाव घेता येत नाय, म्हनून नावाच्या जागी दुसरा शब्द ठेवला. नावाच्या जागी येतं ते सर्वनाम! तुमची आई ते रोज बोलती, तिनं पुस्तक बघितलं नसलं तरी."

बोलून गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. उखाणा नाही, काही नाही, शब्द उघडा तोंडातून गेला होता. ती पांढरीफटक पडली. पण दिपोटीसाहेब उठून उभे राहिले होते आणि मांडी थोपटून हसत होते. "गद्रे, बावीस वर्षं सर्वनाम तपासतोय मी. आज कळलं! आमची मंडळी पण रोज तेच करते की! हिला पाड्याची शाळा द्या. आणि हिला कच्ची कुणी म्हटलं होतं?"

गुरुजींनी कोयनेल प्यायल्यासारखा चेहरा केला. पण मग मोकळेपणानं म्हणाले, "मी म्हटलं होतं, साहेब. चुकलंच माझं."

बायकांनी बुधीला मिठ्या मारल्या. शकूनं तर तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. टिपणीसबाई एका बाजूला उभ्या राहून पदरानं डोळे टिपत होत्या. पण बुधीचं लक्ष कशातच नव्हतं. पास झाले खरं, पण तो उघडा शब्द? घाटात आत्ता काय झालं असेल? गूळ तोंडात तसाच विरघळत राहिला.

तेवढ्यात गुणाबाईनं मागच्या दारातून हाक मारली, "बुधे, अगो कोन आलंय बघ!"

बुधी धावली. आवारात आंब्याखाली नामा उभा होता. डाव्या पायानं थोडा लंगडत, पण दोन्ही पायांवर. डोक्यावर फेटा, आणि फेट्याखाली डोकं जागच्या जागी. सासूनं दिलेलं नाचणीच्या भाकरीचं गाठोडं हातात होतं. आणि गडी सारखा उचक्या देत होता.

"आयनं धाडलं," तो म्हणाला. "हक्! म्हनली, आज दिपोटी येनार, बघून ये. सकाळपासनं या उचक्या, हक्! पानी प्यालो, साखर खाल्ली, थांबतच नाय. कोन एवढं माझं नाव काढतंय कुनास ठाऊक!"

बुधी त्याच्याकडं बघत राहिली. छातीवरचा धोंडा उतरला. ती हसायला लागली, हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. नामा बिचारा घाबरला.

"काय झालं गो? नापास झालीस?"

"पास झाले."

"मग रडतेस कशाला? हक्! काय इचारलं तरी त्या दिपोटीनं?"

बुधीनं पदरानं डोळे पुसले.

"दुसरं काय इचारनार?" ती म्हणाली. "तुमचं नाव!"