घंटी वाजल्यावर

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मेजावर एक पितळी घंटी असते. पहाटेच्या प्रार्थनेला सगळे मिळून तीनदा "प्रभू!" म्हणून ओरडतात, आणि मग जो तो आपलं गाऱ्हाणं गळा फाडून मांडतो. सगळी तोंडं एकदम सुटतात. कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून तर बायका तिथं नवऱ्याची, सासूची लक्तरं बिनधास्त बाहेर काढतात. पुरे झालं वाटलं की पाळकसाहेब टिंग करतात आणि सगळे चिडीचूप. बुसान शहरातल्या आमच्या डोंगरवस्तीत ही पद्धत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी त्या चर्चच्या स्वयंपाकघरात राबते. जीभ माझी फटकळ आहे, तेव्हा ऐकून घ्या.

ग्योंगए प्रचारिका म्हणून आली तेव्हा मी कपाळावर हात मारला. काटकुळी पोर, उपदेशाला उभी राहिली की आवाज घशातच अडकायचा. पण तिच्यासमोर बसलं की माणूस आपोआप बोलायला लागे. रबरी बुटांच्या कारखान्यातल्या पोरी कामाची पाळी सुटली की माझ्या स्वयंपाकघरातल्या उबदार जमिनीवर तिच्यापुढे येऊन बसत. ती कुणाला "सहन कर" म्हणायची नाही. सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "आणि तुला काय वाटतं, देव तुला काय करायला सांगतोय?"

"अगं, देवाला काय विचारायला लावतेस? मालकाला जाब विचारायला लाव!" मी मुळा चिरता चिरता म्हणायचे.

"मावशी, देव तेच सांगत असेल तर?" ती हसायची.

राजधानीतल्या, सोलच्या बड्या चर्चनं तिला बोलावलं होतं. गेली नाही. म्हणाली, माझं बोलावणं इथलं आहे. खुळी!

त्या पोरींत एक सुनइम होती. बुटांना गोंदानं तळ चिकटवायची. त्या गोंदाच्या वासानं तिच्या पायांतलं बळ चाललं होतं. तिच्या शेजारी बसणारी दोकसुन तर भिंत धरूनही उभी राहत नव्हती. मालक म्हणायचे, पोरी गावाकडूनच आजार घेऊन येतात. आणि मालक कोण, तर आमच्याच चर्चचे कारभारी, प्यो साहेब. बसायला पहिला बाक.

सुनइमनं त्या गोंदाचा एक डबा कारखान्यातून उचलून आणला. मी तो किमचीच्या लोणच्याच्या रिकाम्या रांजणात दडवला. सोमवारी ती तो पुरावा म्हणून घेऊन सरकारी कामगार कचेरीत जाणार होती.

"ताई, कुणाला बोलू नकोस हं," ती ग्योंगएला म्हणाली.

"जीव गेला तरी नाही."

आणि खरंच, ती कुणाला बोलली नाही. फक्त देवाला बोलली.

शनिवारची पहाट. नेहमीसारखा गलका. ग्योंगए माझ्या बाजूला, कपाळ पुढच्या बाकाला टेकलेलं, मुठी आवळलेल्या, गालांवरून पाणी. पाळकसाहेबांनी टिंग केलं. सगळे गप्प झाले, आणि हिला घंटी ऐकूच गेली नाही. उपदेशाला न निघणारा तिचा आवाज त्या दिवशी खणखणीत निघाला.

"सुनइमचे पाय वाचव, प्रभू! सोमवारी ती गोंदाचा डबा घेऊन कचेरीत जाईल, तेव्हा तिला एकटी सोडू नकोस!"

मी तिच्या तोंडावर हात दाबला. पण बोलून झालं होतं. प्यो साहेबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. भजनांचं पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि निघाले. पाळकसाहेब म्हणाले, "आमेन."

आम्ही दोघी कारखान्याच्या वसतिगृहाकडे धावत सुटलो. पण प्यो साहेबांकडे गाडी होती. पोचलो तेव्हा सुनइमचं अंथरूण फाटकाबाहेर चिखलात पडलेलं.

"चोरटी होती. गावच्या बसमध्ये बसवून दिली," रखवालदार म्हणाला. "आता कुठला कारखाना दारात उभं करतोय तिला!"

सोमवारी ग्योंगए स्वतःच डबा घेऊन कचेरीत गेली. तिथल्या साहेबानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बाई, तुमचे पाय तर ठणठणीत दिसतात. जिचे दुखतात तिला आणा."

म्हणून डबा परत रांजणात ठेवून ती सुनइमच्या गावी गेली. आईनं दार उघडलं नाही. आतून सुनइमच बोलली, "ताई, तू वाईट नाहीस. पण जा."

त्या रविवारी चर्चच्या पायरीवर प्यो साहेबांनी तिला गाठलं. सगळ्यांदेखत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "प्रचारिकाबाई, तुमच्या प्रार्थनेत फार बळ आहे हो. अशाच मोठ्यानं करत जा." मेल्याच्या अंगावर उकळतं सूप ओतावंसं वाटलं मला. ग्योंगएनं मान खाली घातली.

त्यानंतर ती पहाटेला यायची, पण ओठ शिवल्यासारखी बसायची. संध्याकाळी स्वयंपाकघरात जवाचा चहा गार होऊन जायचा. एकही पोर फिरकेना. मी सांत्वन करायला गेले तर म्हणाली, "मावशी, सुनइमनं देवाशी बोलायला मला निवडलं नव्हतं. ऐकायला निवडलं होतं." मी गार झालेला चहा परत चुलीवर ठेवला.

थंडी सरता सरता एका संध्याकाळी दार वाजलं. कारखान्यातल्या एका पोरीनं दोकसुनला पाठीवर घेऊन आणलं होतं. तिनं तिला जमिनीवर टेकवलं आणि रात्रपाळीची वेळ झाली म्हणून धावत परत गेली. दोकसुनचे पाय आता नुसते लोंबत होते.

"ताई, मी कचेरीत बोलणार आहे," दोकसुन म्हणाली. "ते म्हणाले ना, जिचे दुखतात तिला आणा? ही मी. उद्या घेऊन जाशील?"

"जाईन."

"पण एक कर." तिनं दोन्ही हातांनी आपले पाय जवळ ओढून घेतले. "माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस."

ग्योंगएचा चेहरा पांढराफटक पडला. देवाच्या कामाला आयुष्य वाहिलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा कुणी करू शकलं नसतं, आणि ती पोर तर शिक्षा म्हणून बोललीच नव्हती. साधं, जपून बोलली होती.

"नाही करणार," ग्योंगए म्हणाली.

रात्र दोकसुननं माझ्या स्वयंपाकघरातच काढली. सकाळी कचेरी उघडायच्या सुमाराला ती दोकसुनपुढं पाठ करून खाली बसली. "चढ."

मी रांजणातून डबा काढला आणि दोकसुनच्या हातात दिला. डोंगर उतरेपर्यंत मी दारात उभी होते. ग्योंगएची मान वाकलेली होती, आणि दारातून वळली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते.