विलायतेला जाऊन आलेला मुद्गल

मित्रांनो, तालमीच्या भिंतीला टेकून आम्ही दोघे उभे आहोत. त्यातला चीर पडलेला जुना मुद्गल तो मी. माझा जोडीदार अबोल आहे, त्यामुळे दोघांचे बोलणे मलाच करावे लागते. मला ते आवडतेही.

चिंचवडच्या दत्तोबा सुतारांनी आम्हाला एकाच बाभळीतून घडवले. सोपानराव वस्तादांनी आम्हाला खांद्यावरून फिरवून पाहिले आणि शफीच्या हाती दिले. शफी पिंपरीच्या औषध कारखान्यात फिटर होता. शिफ्टला जाण्याआधी तो रोज तासभर आम्हाला फिरवी, अंगाची माती धुई आणि सायकलवर बसे. फार सुखाचे दिवस होते ते.

१९५६ च्या उरुसात शफीची कुस्ती आकुर्डीच्या अर्जुनरावांशी लागली. अर्धा तास झाला तरी कोणी पडेना, तेव्हा पंचांनी ती बरोबरीत सोडवली. निकाल पुढच्या उरुसात लावायचा, असे दोघांनी हात मिळवून ठरवले. त्याच आठवड्यात कारखान्याने शफीला नवी यंत्रे शिकायला दहा महिने विलायतेला पाठवायचे ठरवले. वस्ताद त्याला एवढेच म्हणाले, "तिकडं मेहनत झाली तरच कुस्ती लावीन. न्हाई झाली तर तसं कळव. त्यात लाज न्हाई."

शफीची बायको रोशनबी हिने पेटीत दोन स्वेटर घातले होते. ते काढून शफीने आम्हाला आत बसवले. पुढे त्याला त्याचा चांगलाच पश्चात्ताप झाला.

पहाटे उठून बैठका मारायच्या, हा तालमीचा रिवाज. शफीने तो विलायतेत वरच्या मजल्यावरच्या खोलीत सुरू केला, आणि खाली घरमालकीणबाईंच्या चहात छताचा चुना पडला. बाईंनी मागच्या अंगणाकडे बोट दाखवले. अंगणात आमचे छान चालले होते. शेजारपाजारचे लोक खिडकीतून बघत, आणि मीही जरा ऐटीतच फिरत असे.

मग बर्फ पडू लागला. आधी एक दिवस चुकला, मग आठवडा. पुढे ओव्हरटाइम आला. आम्ही शेगडीजवळ पडून राहिलो आणि तेलावाचून सुकलो. ही चीर तेव्हाचीच. मला शफीचा राग आला होता.

अशात वस्तादांचे पत्र आले. मेहनत चालू आहे का, एवढाच प्रश्न होता. शफीने उत्तर लिहिले, रोज चालू आहे. मी समोरच पडलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

ते उत्तर वस्तादांनी साऱ्या तालमीला वाचून दाखवले आणि स्वतः आकुर्डीला जाऊन, नारळ देऊन कुस्ती पक्की केली. हे कळवणारे पत्र शफीने उभ्यानेच वाचले. मग त्याने मला उचलले. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. परतीला चार महिने उरले होते. त्यांतला एकही दिवस त्याने चुकवला नाही.

परतल्यावर तो आधी तालमीत आला. वस्तादांनी त्याचे तळवे चाचपले.

"हे घट्टे वर्षाचे न्हाईत."

"न्हाई, वस्ताद. चारच महिन्यांचे हायत. मी खोटं लिहिलं."

वस्तादांनी त्याचे हात सोडले. त्यांचा शब्द गावात गेला होता. ते म्हणाले, "नारळ म्या दिलाय, कुस्ती हुईल. पडलास तर सबब सांगू नगंस."

शफी पडला. बाराव्या मिनिटाला त्याचा दम संपला आणि अर्जुनरावांनी त्याला चीतपट केले. काही लोक ओरडले, की विलायतेच्या पाण्याने पोराचा घात केला. शफी उठला, त्याने अर्जुनरावांचा हात धरून वर केला आणि साऱ्या फडाला सांगितले, "पाण्याचा दोष न्हाई. ह्यांनी वर्षभर घाम गाळला, मी न्हाई. जीत खरी हाय."

फेटा बांधायला वस्ताद मातीत उतरले. त्यांनी आधी अर्जुनरावांना बांधला. मग स्वतःच्या डोक्यावरचा उतरवून शफीला बांधला. त्या दिवसाइतका आनंद मला कधीच झाला नाही.

मित्रांनो, तुम्ही लांब जाल, नोकऱ्या कराल, जरूर करा. पण आपला खेळ सुटला तर तो सुटला असे खरे सांगा, आणि पुन्हा धरायचा असेल तर उद्याची वाट पाहू नका. हात लावलात की आम्ही रुसवा सोडतो.