उसाकडे तोंड केलेला कर्णा

मित्रांनो, आळ्याहून राजुरीकडे जाताना उसाच्या मळ्यांत एक छोटी वाडी लागते. तिथल्या देवळाच्या पत्र्यावर एक करडा कर्णा तारेने बांधलेला दिसेल. कडेला पोचा आलेला, रंग उडालेला. तो मी. उंचावर असल्यामुळे मला सगळ्यांच्या आधी दिसतं. पण आपणहून एक शब्दही मला बोलता येत नाही. कुणीतरी माईक हातात घ्यावा लागतो, आणि तारेतून वीज यावी लागते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या संध्याकाळी माझी काय गत झाली ते तुम्हाला कळेल.

कारखान्यात अॅल्युमिनियमचा पत्रा दाबून मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला गेला. जुन्नरच्या पीरमहंमदचाचांच्या वडिलांनी मला आपल्या स्पीकरच्या दुकानासाठी घेतलं. तेव्हा माझा फार मान होता. कळंबच्या लग्नांत मी मंगलाष्टका म्हटल्या. आश्विन लागला की वाडीवाडीवर हादग्याची गाणी माझ्यातूनच ऐकू जायची. पुढे माणसाएवढे मोठे डीजेचे खोके आले आणि मी गोदामात जाऊन पडलो. माझ्या घशात कुंभारमाशीने मातीचं घर केलं. अनेक वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला तिथून बाहेर काढलं ते भीतीने.

वाडीत बिबट्या येऊ लागला होता. आधी कुत्री गेली, मग दावणीचं वासरू गेलं. पलीकडच्या शिवारात खुरपणाऱ्या एका बाईवर त्याने झेप घेतली. ती वाचली, पण तेव्हापासून बायका मान वाचवायला गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. दिवस कलला की कड्या लागत. रानातल्या घरांना एकदम खबर देता यावी म्हणून सरपंच बाळासाहेबांनी कर्णा मागितला. पीरमहंमदचाचांनी माझा घसा साफ केला आणि मला पत्र्यावर, थेट उसाकडे तोंड करून बांधलं.

मित्रांनो, दिवसभर उसाकडे बघत राहणं सोपं नाही. वाऱ्याने पाचट वाजलं तरी माझा पत्रा आतून शहारायचा.

नवरात्र आलं. यंदा हादगा नको, असं बाळासाहेबांचं म्हणणं पडलं. वैजयंतीताई दर वर्षी वाडीतल्या पोरींना जमवून हादगा खेळवायच्या. त्या सभेत उठून म्हणाल्या, "पोरी महिनाभर दारं लावून बसल्यात. झोपेत दचकत्यात. दिवसाउजेडी खेळवू, पण खेळवू." शेवटी तसंच ठरलं. दुपारी सुरू करायचं आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत सगळ्यांनी घरी जायचं. पीरमहंमदचाचा म्हणाले, "लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मी बॅटरी आणून ठेवतो."

शेवटच्या दिवशी देवळापुढे पोरी रंगात आल्या होत्या. मधोमध पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती फेर. मी खणखणीत गात होतो. आणखी एक गाणं, आणखी एक, असं करता करता ऊन उतरलं. खिरापत ओळखायची वेळ झाली, तेव्हा वैजयंतीताईंच्या सात वर्षांच्या लेकीला, इंद्रायणीला आठवलं की आपला खिरापतीचा डबा घरीच राहिला. घर समोरच होतं, बाजरी काढलेल्या मोकळ्या वावरापलीकडे. त्या वावराच्या एका अंगाला ऊस. कुणाला न सांगता ती पळत गेली.

आणि लाइट गेली.

मी मुका झालो. त्या शांततेत मला दिसलं, वारा पडलेला असताना उसाचे शेंडे एका ओळीत हलत होते. ती ओळ बांधाकडे सरकत होती. इंद्रायणी डबा दोन्ही हातांत धरून परत निघाली होती. वावराच्या मध्यावर ती आली आणि बांधावर बिबट्या बाहेर येऊन बसला.

मी ओरडलो. पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या चिमाबाईंनाही ते दिसलं. म्हातारी ओरडली नाही. तिने वैजयंतीताईंचा हात घट्ट धरला आणि बोट दाखवलं. ताई धावत सुटणार, तोच बाळासाहेबांनी त्यांना अडवलं. आई पळत येताना दिसली तर पोरगीही पळेल, आणि पळणाऱ्या, वाकलेल्या माणसावर जनावर झेप घेतं, उंच उभ्या माणसाला बिचकतं, हे वनखात्याच्या माणसांनी वाडीला बजावलं होतं.

पीरमहंमदचाचा बॅटरीचे चिमटे लावत होते. घाईत एक चिमटा दोनदा निसटला. मग माझ्या अंगात एकदम खर्रकन जीव आला. चाचांनी माईक ताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, रडू नका. तिला तुमचा आवाज ओळखू आला पायजे."

ताईंनी माईक ओठांशी धरला. त्या बोलल्या तेव्हा आवाज रोजचाच होता, अभ्यासाला बसवताना असतो तसा.

"इंद्रे, आई बोलतीय. पळू नको. हाय तिथंच उभी ऱ्हा."

पोर थांबली. तिने मान वळवली, आणि तिला ते दिसलं. डब्याचं झाकण हातातून निसटून खाली पडलं. ते उचलायला ती वाकू लागली. बिबट्याचं अंग जमिनीसरसं झालं.

"वाकू नको. झाकण राहू दे, बाळा. डबा डोक्यावर धर. उंच. आजून उंच."

डबा वर गेला. ती एवढीशी पोर हात ताणून उभी राहिली. एव्हाना बायका आणि पोरी हातात हात घालून एका रांगेत वावरात शिरल्या होत्या. कुणी पळत नव्हतं. त्या मोठ्याने हादग्याचं गाणं म्हणत होत्या. कुणाचा सूर कुणाला लागत नव्हता. मित्रांनो, एवढं घाबरलेलं गाणं मी कधी ऐकलं नाही. वर मी ताईंचा आवाज फेकत होतो, "उभी ऱ्हा, आमी आलो, उभी ऱ्हा."

बिबट्या उठला. एक पाऊल पुढे आला. मग त्याने रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो उसात शिरला. शेंडे पुन्हा हलले आणि थांबले.

बायकांनी इंद्रायणीला मधे घेऊन आणलं. तिच्या हातातला डबा काढून घ्यायला दोघी लागल्या. ती डबा सोडतच नव्हती. ताईंच्या हातून माईक गळून पडला. मग त्या रडल्या, आणि माईक चालू असल्यामुळे ते रडणं साऱ्या शिवाराला ऐकू गेलं.

वनखात्याने बांधावर पिंजरा लावला. तो अजून रिकामा आहे. ऊसही अजून उभा आहे.

त्यानंतर इंद्रायणी कुजबुजण्यापलीकडे बोलेना. हादगा आपणच हट्टाने घेतला, म्हणून वैजयंतीताई मनातून खचल्या होत्या. कोजागरीला दूध दुपारीच आटवलं आणि उन्हातच पिऊन टाकलं. चंद्र कुणी पाहिला नाही. भांडी आवरताना इंद्रायणी आईला धरून माझ्या खालच्या, माईक ठेवलेल्या खोलीत आली आणि तिने माईक मागितला. दूध प्यायला आलेल्या चाचांनी बटण दाबलं. मग कापऱ्या आवाजात ती म्हणाली, "दिवस बुडायला आलाय. समद्या पोरांनी घरात या."

आता रोज ती हाक तीच देते. आवाज अजून कापतो. मलाही अजून भीती वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून पुसा, तारा बघा, बॅटरी भरून ठेवा. संध्याकाळची हाक आली की खेळ तिथेच सोडा. आणि घरात आलात की आधी आपली माणसं मोजा, मगच कडी लावा.