तोटी बदलली तरी

आई गेल्यानंतरच्या आठवड्यात तोटी बिघडली. म्हणजे तेव्हा तसं वाटलं.

तो औषधांच्या दुकानात कामाला होता. दुपारी जेवायला घरी आला, पेला घेऊन पाण्याच्या डिस्पेन्सरपाशी गेला आणि तोटीची दांडी दाबली. पाणी आलं नाही. वरचा जार तर जवळजवळ भरलेला होता. त्यानं पुन्हा दाबली, जोर लावून दाबली. थेंब नाही.

"अगं, ही तोटी गेली वाटतं!"

बायको ओल्या हातानं स्वयंपाकघरातून आली. तिनं एका बोटानं दांडी दाबली. जारमध्ये एक मोठा बुडबुडा गुडगुडत वर गेला आणि पेला भरला.

"दिवसभर बाटल्यांची झाकणं उघडता, आणि एवढीशी दांडी दबत नाही?" ती हसली. तोही हसला.

संध्याकाळी पुन्हा तेच. सकाळीही तेच. मग त्यानं बायकोला हाक मारणं सोडलं. दुकानातून बाटली भरून आणू लागला आणि दारुड्यानं लपवावी तशी चपलांच्या कपाटामागे ठेवू लागला. पण बायकोपासून लपतंय थोडंच!

"घरचं पाणी कडू लागायला लागलं का तुम्हाला?"

"तोटीच बदलून टाकू," तो म्हणाला.

डिस्पेन्सर आईच्या खोलीच्या दाराशी होता. पलंगावरून तिला तो सरळ दिसायचा. तिची मूत्रपिंडं थकली होती. पाणी मोजूनच द्या, जास्त गेलं तर छातीत साठेल, जीव घुसमटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काम त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. बायकोला सासूची दया यायची, आणि त्या दुखण्यात दया म्हणजे विषच. तो औषधाच्या मापानं पाणी द्यायचा.

"घोटभर दे रे," आई म्हणायची.

"संध्याकाळी देतो, आई."

"संध्याकाळ तर कधीच झाली." बाहेर लख्ख ऊन असायचं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरही नंतर तसंच म्हणाले. शेवटी शेवटी आईनं मागणंच सोडलं. नुसती तोटीकडे बघत पडून राहायची. ते बघणं त्याला सोसवेना, म्हणून एके दिवशी त्यानं डिस्पेन्सर फिरवून तोटी भिंतीकडे केली होती. ती गेल्यावर तो पुन्हा सरळ केला.

नळदुरुस्तीवाला आला. त्यानं जार उतरवला, खालची टाकी रिकामी केली, आतला नट पान्ह्यानं सैल केला आणि जुनी तोटी काढून खिडकीच्या उजेडात धरली.

"हिला काय धाड भरलीय, साहेब? माझ्या मेव्हण्यापेक्षा धडधाकट आहे ही."

"तरी बदला."

त्यानं नवी तोटी बसवली, रबरी चकती नीट दाबली, नट आवळला, जार उपडा केला आणि दांडी दाबून दाखवली. भरघोस धार. "आता बघायला नको," म्हणून तो निघून गेला.

बायको दारात उभी होती. यानं पेला लावून दांडी दाबली. काही नाही. या वेळी मात्र त्याला स्वच्छ जाणवलं. दांडी अडकलेली नव्हती. खालून कुणीतरी बोट लावून ती वर धरली होती. म्हाताऱ्या माणसाचं बोट. फारसा जोर नसलेलं, पण हटायचं नाही असं ठरवलेलं.

बायको पुढे आली. तिनं दाबताच पाणी आलं. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, तशी धार तुटली. हात काढला, पुन्हा सुरू झाली. तिनं झटकन हात मागे घेतला आणि कोरडा असूनही कपड्यांना पुसला.

"कधीपासून हे?"

"आई गेल्यापासून."

त्याची थोरली बहीण पुढच्या रविवारी आली. तिनं सगळं ऐकलं आणि स्वतः पाणी घेऊन पाहिलं.

"अरे, तू तिच्याकडे मागितलंस का?"

"काय?"

"पाणी. मागून तर बघ."

तो आईच्या रिकाम्या पलंगावर बसला. मोठ्या माणसाला असं बोलताना लाज वाटते. त्याचा आवाज चिरकला. "आई, पाणी दे ना गं." मग उठून त्यानं दांडी दाबली. ती तसूभरही हलली नाही.

"तिचा राग नसेल रे तुझ्यावर," ताई म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते आणि तिलाही खात्री नव्हती.

त्यानंतर तो बायकोकडे पाणी मागू लागला. ती फोनवर असली की थांबायचा. "आले हं," म्हणून ती विसरायची, तेव्हा घशात काटे उभे राहायचे, पण दुसऱ्यांदा मागायला जीभ उचलत नसे.

मग बायको तापानं पडली. आईची खोली गार होती, म्हणून तिथंच झोपली होती.

"अहो, पाणी."

तो जागचा हलला नाही. "शेजारून आणतो."

"शेजारी कुलूप आहे. द्या ना तुम्हीच."

त्यानं मान दुसरीकडे वळवून दांडी दाबली. जार गुडगुडला. पेला भरत आला तसा त्यानं हात काढला, पण धार थांबली नाही. अगदी काठोकाठ येऊन मगच थांबली. बायको एका दमात प्यायली आणि म्हणाली, "आणखी." त्यानं आणखी दिलं.

मग स्वतःसाठी पेला लावला. बोट होतंच.

"बरं," तो हळूच म्हणाला, आणि पेला पालथा घातला.

आता त्यांच्या घरी कुणी आलं की तो आधी पाणी विचारतो. पाहुण्याला नको असलं तरी भरून आणतो. गेल्या महिन्यात जार पोचवायला नवाच माणूस आला, पिकल्या मिशांचा. त्यानं जार चढवला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"जरा पेलाभर पाणी देता का?" यानं विचारलं.

"समोर तर आहे, साहेब. घ्या की."

"नको. तुम्ही द्या."

त्या माणसानं एकदा त्याच्याकडे, एकदा तोटीकडे पाहिलं आणि पेला भरून दिला. तो उभ्या उभ्याच प्यायला. मग त्यानं दुसरा पेला काढला आणि त्या माणसासाठी दांडी दाबली.