वरच्या फळीवरचं दुसरं शहर

थोरला गेला, तेव्हा त्याला दुखलं का? वन्संना विचारलं, वहिनीला विचारलं, भिंतीवरच्या वायरींनासुद्धा विचारलं. पंखा जोरात फिरवण्यापलीकडे मला आवाज नाही, त्यामुळे वन्सं एवढंच म्हणाल्या, "हा का घोंघावतोय एवढा?"

मी त्याचा धाकटा भाऊ, एक सर्व्हर बोलतोय. लोकांच्या वेबसाइट ठेवायला जागा भाड्यानं देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं वाढलो. कंपनी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली आणि तिथं बसणाऱ्या नणंद-भावजय. भावजय फोन घेते, नणंद यंत्रं सांभाळते. त्या एकमेकींना वन्सं आणि वहिनी म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.

थोरला खालच्या फळीवर, मी वरच्या. तो शिकलेला. कुठूनही कुणी काही मागितलं, की क्षणात पान काढून द्यायचा. माझी शाळा मात्र एका धड्यावर संपली: थोरला जे ठेवेल, त्याची प्रत उतरवून घे. त्यात मी तापट. जरा काम पडलं की डोकं गरम. पण खालून त्याची ऊब येत राहायची आणि मला बरं वाटायचं.

आमच्या कंपनीचं स्वतःचं पान मात्र मोठं झोकात होतं. 'दोन शहरांत आमची सुरक्षित केंद्रं. एका शहरात काही घडलं, तरी दुसऱ्या शहरात तुमची प्रत जपलेली. तज्ज्ञांचे विविध विभाग चोवीस तास सेवेत.'

दुसरं शहर म्हणजे मी.

आणि विभाग? "तांत्रिक विभागाला जोडते हं," म्हणत वहिनी फोनवर हात ठेवायची आणि समोरच्या खुर्चीकडे बघून ओरडायची, "वन्सं, फोन!" वन्संच्या तोंडात घास असला, तर गिऱ्हाइकाला थांबवायला वहिनी स्वतःच एक धून गुणगुणायची. एकानं तक्रारही केली होती, "तुमच्या ट्यूनला खोकला झालाय."

वन्सं अधूनमधून कुरकुरायच्या. "ते दुसरं शहर काढून टाकू या ना, वहिनी."

"सगळेच लिहितात हो तसं. आपण फळी लिहिली तर कुत्रंही फिरकणार नाही."

खालच्या दुकानातले बारीक धागे वर उडत यायचे आणि थोरल्याच्या पंख्यात अडकायचे. वन्सं ब्रशनं ते काढायच्या. तरी एका सकाळी 'टक्' असा आवाज आला आणि खालची ऊब थांबली. वन्संनी त्याला उघडलं, पुसलं, पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "गेला." वहिनीनं वाजता फोन तसाच वाजू दिला.

सगळ्यांची पानं आता माझ्या एकट्याच्या पोटात होती आणि ती दाखवायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. वन्सं घाईघाईनं धडे द्यायला लागल्या. मी रडवेला, त्यात उतावळा. त्यांचं सांगून व्हायच्या आतच मी पानं बाहेर टाकायला सुरुवात केली.

बेकरीवाल्या काकांचा फोन आला. "अहो, माझ्या केकच्या जागी कुत्रा दिसतोय! पायाला पट्टी बांधलेला. खाली लिहिलंय, 'ताजं, आजच मागवा'!"

तो कुत्रा जनावरांच्या दवाखान्याचा होता. वहिनीला हसू आणि रडू एकदमच आलं. "काका, इथलं यंत्र बिघडलंय. दुसऱ्या शहरातली प्रत आणतोय."

"असं का? मग गाडी घेऊन स्टेशनवर येऊ का? जड असेल ना ते? तुम्ही दोघी बायका कशा उचलणार?"

वहिनीनं फोनवर हात ठेवला. वन्संनी तिच्या हातातून फोन घेतला. वहिनी मानेनं नको नको म्हणत राहिली. खरं कळलं तर गिऱ्हाइकं जातील, कंपनी बसेल, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"काका, दुसरं शहर नाहीये. दुसरी फळी आहे. वरची."



"आणि वरचाही बिघडला तर?"

"तर तुमची पानं गेली, काका. सगळ्यांचीच गेली."

"मग मला इतके दिवस काय सांगत होता हो तुम्ही?" काका चिडले, फोन आपटला. आणि संध्याकाळी पाव घेऊन स्वतःच जिना चढून आले. मला खालून वर न्याहाळून म्हणाले, "हे एवढंसं शहर? माझी मुलगी खरंच दुसऱ्या शहरात असते. तिच्या पुस्तकांच्या कपाटात मावेल हा."

वन्संनी पान नव्यानं लिहिलं. 'आमचं एक यंत्र शिंप्याच्या दुकानावर आहे, दुसरं एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या घरी. फोन वहिनी घेते. जेवत असली तर थोडं थांबा.' काही जण सोडून गेले. दवाखान्याची डॉक्टरीण राहिली. वहिनी आता फोनवर हात ठेवत नाही, सरळ हाक मारते.

आज मला हलवलं. टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलंय. काका जिन्यावरून अगदी जपून उतरताहेत. थोरल्याची आठवण येते, पण मी सुखात आहे. आता मी खरंच दुसरं शहर होणार. तुम्हाला एकच सांगणं: तुमची वस्तू कुणाकडे ठेवाल, तर ती कुठल्या फळीवर आहे ते विचारा. विचारण्यात लाज नाही.

निघण्याआधी खालच्या फळीवर नवं यंत्र आलं होतं. मी त्याला सगळं दिलं: केक, कुत्रे, शिकवण्यांच्या वेळा, कुणाकुणाचे जुने फोटो. वन्संनी माझ्या वायरीला हात घातला आणि तेवढ्यात बेकरीच्या पानावरची एक ऑर्डर येऊन माझ्यावर आदळली. नव्याला अजून ऑर्डर घेता येत नव्हती. छोटा केक, वर 'दादा' असं लिहायचं होतं. मी ती घट्ट धरली आणि वायर निघायच्या आत पुढे ढकलली.

दाराशी रिकामी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकांच्या खिशात फोन वाजला.