यादीतलं एक नाव

"आबा, लढाईचा उल्लेख ठसठशीत पायजे," असं सरपंच क्रांतीताई दुसऱ्यांदा बजावून गेल्या, आणि आकारामनं उघडलेलं पेन पुन्हा मिटून ठेवलं.

इस्लामपूरजवळच्या त्या गावात दुसऱ्या दिवशी निवृत्त कॅप्टन उदयसिंहांचा सत्कार होता. मानपत्र कोण लिहिणार, हा प्रश्नच नव्हता. आकारामनं नौदलात पंधरा वर्षं कारकुनी केलेली, तीही एकाहत्तरच्या लढाईत साहेबांच्याच जहाजावर. गाव हे कौतुकानं सांगू लागलं, की आकाराम काहीतरी निमित्त काढून उठून जाई.

कारण त्या लढाईत उदयसिंह जहाजावर नव्हतेच. कावीळ झाली म्हणून जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्यांना इस्पितळात उतरवलं होतं. लढाईनंतर जहाजावर हजर असलेल्यांची यादी आकारामनं टाइप केली, तेव्हा आपल्या गावचा एकुलता एक अधिकारी तिच्यात नाही, हे त्याला बघवेना. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. गावच्या अभिमानापायी त्यानं आपण होऊन ते नाव घातलं. उदयसिंहांना पुढं ते कळलं, आणि ते गप्प बसले.

मग बढतीची वेळ आली. जागा एक आणि अधिकारी दोन, उदयसिंह आणि सांगलीकडचे जिनेंद्र चौगुले. जिनेंद्र साहेब लढाईभर त्याच जहाजाच्या इंजिनापाशी उभे होते. पण कागदावर दोघांची युद्धसेवा सारखीच भरली, आणि सहा महिन्यांनी ज्येष्ठ म्हणून बढती उदयसिंहांना गेली. जिनेंद्र साहेब आहे त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले.

सत्काराला जिनेंद्र साहेब पहिल्या रांगेत बसले होते. मानपत्रातली लढाईची ओळ वाचताना गाळायची, असं आकारामनं पक्कं ठरवलं होतं. वाचता वाचता ती समोर आली. उदयसिंह मान खाली घालून बसले होते, आणि सगळं गाव कान टवकारून त्याच ओळीची वाट बघत होतं. आकारामची छाती झाली नाही. त्यानं ती वाचली, तीही खणखणीत आवाजात. टाळ्या थांबेनात. मानपत्र लिहिलं म्हणून त्यालाही शाल आणि नारळ मिळाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर तो जिनेंद्र साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, त्या वक्ताला यादीत मी..."

"ठावं हाय मला. यादी तपासून सही मीच केलीया की."

"मग तवाच खोडलं का न्हाई?"

"खोडलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, वर तुरुंग. पोरगंच व्हतास रं तू." जिनेंद्र साहेब जरा हसले. "म्हटलं, एका नावानं कुणाचं काय बिघडतंय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर आकारामला बरं वाटलं असतं. त्यांची लेक श्रद्धा गाडी घेऊन आली, तिनं दार उघडलं, आणि साहेब सावकाश आत बसले.

आकारामनं हात जोडायला म्हणून वर केले, तर त्यांत नारळ होता. तो कुठं ठेवावा हे त्याला सुचेना, आणि गाडी निघून गेली.