पान चारशे बाराचा खालचा अर्धा भाग

लाय सरांचं उत्तर एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. निदान नानयांग रस्त्यावरच्या त्यांच्या क्लासच्या जिन्यात तसा फलक होता, आणि फलकाचा मजकूर सरांचाच होता.

पेइ-रू तेहतीस वर्षांची. इस्पितळाच्या औषधखिडकीवर आठ वर्षं गोळ्या मोजल्यावर तिला वाटलं, मोजण्यापेक्षा लिहून देणं बरं. पदवीनंतर डॉक्टरकीला जाण्याच्या प्रवेश परीक्षेचा हा तिचा चौथा प्रयत्न. क्लासची हजेरी घ्यायची, झेरॉक्स काढायच्या आणि त्या बदल्यात फुकट बसायचं, असा तिचा करार होता. विशीतली पोरं तिला ताई म्हणत. त्यात आदर किती आणि वयाची आठवण किती, हे तिला नीट कळे.

सेंद्रिय रसायनाची सरांची रीत सोपी होती. "रचना बघत बसू नका! क्लोरीन निघाला की दुहेरी बंध कुठे जातो? जास्त कार्बनांच्या गर्दीकडे! म्हणा!" दोनशे गळे म्हणत, "गर्दीकडे!"

शनिवारी प्रवेश परीक्षेच्या पेपरात सदतिसाव्या प्रश्नात तोच नेहमीचा रेणू दिसला. दोनशे जणांनी 'ब' लिहून पुढचं पान उलटलं. पेइ-रूला मात्र प्रत्येक लेबल दोनदा वाचायची खिडकीवरची खोड. तिला दिसलं, नेहमीची एक तुटक रेघ या वेळी ठळक आहे, म्हणजे एक गट कड्याच्या मागून पुढे आला आहे.

तिनं समासात आकृती काढली. सहा कार्बनांचं कडं कागदावर सपाट दिसलं, तरी खरं ते खुर्चीसारखं वाकलेलं असतं. त्यावरचे गट एकतर बाजूला पाय पसरून बसतात, नाहीतर ताठ उभे राहतात. क्लोरीनला निघायचं तर तो उभा हवा, आणि शेजारच्या कार्बनावर बरोब्बर उलट दिशेला हायड्रोजन उभा हवा. सरांच्या रेणूत क्लोरीन आधीच उभा असतो, काम झटपट. इथे त्या एका रेघेनं क्लोरीनसकट कड्यावरचे तिन्ही गट पाय पसरून बसले होते. असा रेणू सगळ्यांत स्थिर, म्हणूनच सगळ्यांत आळशी. तिघांना एकदम उठवायला ऊर्जेचा चढ चढावा लागतो, आणि उठल्यावर कळतं, गर्दीच्या बाजूला हायड्रोजनच्या जागी भलताच गट उभा आहे. मग बंध जातो मोकळ्या बाजूला. उत्तर 'क'.

एकोणीस वर्षं एकाच रीतीवर पसरलेल्या माणसाबद्दलही असंच काही म्हणता आलं असतं, पण तो भाग अभ्यासक्रमात नव्हता.

शनिवारी पेपर सुटल्यावर तासाभरात सरांनी आपली उत्तरं लावली: सदतीस, ब. सोमवारी परीक्षा मंडळाची आली: सदतीस, क. हरकत घ्यायला बुधवारी पाचपर्यंत मुदत.

"हरकत!" सर गरजले. "आकृती संदिग्ध आहे. ब आणि क, दोन्हींना गुण द्या म्हणावं. ताई, अर्ज तू भर."

पेइ-रूनं मनात हिशोब केला. गेल्या वर्षी अर्ध्या गुणानं जागा गेली होती. या प्रश्नाला दोन गुण. सगळ्यांनाच ते मिळाले, तर तिची दोन गुणांची आघाडी गेली, आणि पाचवा प्रयत्न तिच्यात उरला नव्हता.

"सर, पण क बरोबर आहे. खुर्ची काढून बघा ना."

"खुर्ची?" सरांनी डब्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा चॉपस्टिकनं उचलला. "अगं, खुर्च्या काढत बसले असते तर हे दोनशे कुठे असते? पुरावा जोड. पाठ्यपुस्तकाचं पान चारशे बारा, वरचा परिच्छेद. मला पाठ आहे."

पाठ होताच. वरच्या परिच्छेदात गर्दीचा नियम होता. खालच्या परिच्छेदाची सुरुवात 'मात्र' या शब्दानं होती. तिथवर सर एकोणीस वर्षांत पोचले नसावेत.

"मंडळाचा नियम आहे सर, अख्खं पान जोडायचं. अर्धं चालत नाही."

"मग अख्खं जोड! त्यात काय विचारायचं?"

"एकदा वाचून सही करता का?"

"तुझ्यावर विश्वास नाही का माझा?" म्हणत सरांनी न बघता सही ठोकली.

पेइ-रूनं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारण्याइतकी ती भली नव्हती. तिनं अर्ज बुधवारी चार वाजता पाठवला.

शुक्रवारी उत्तर आलं, एका ओळीचं: 'अर्जदाराने जोडलेल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात शंकेचे निरसन झालेले आहे. हरकत फेटाळली.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे काय पाठवलंस तू?"

"तुम्ही सही केलेलं, सर."

 तिची हजेरीवही त्याच दिवशी दुसऱ्या मुलीकडे गेली.

निवड झालेल्यांच्या यादीत पेइ-रू शेवटची होती, यादीबाहेर राहिलेल्या पहिल्या मुलापेक्षा एका गुणानं वर. संध्याकाळच्या आत सरांचा फोन, आवाजात साखर विरघळलेली.

"अगं, अभिनंदन! एक फोटो पाठव. मोठा लावू. 'लाय सरांची विद्यार्थिनी!'"

"लावा की. पण पुढच्या तुकडीला खुर्ची शिकवाल ना?"

"वेडी आहेस का? तीन तास जातील त्यात!"

"माझी चार वर्षं गेली, सर."

 मग सर म्हणाले, "फोटो हसरा पाठव हं."